राखाडी कोट

“उद्याच कापून टाका,” शिंपी म्हणाला. “उशीर नको. लागेल ते सगळं करा.”

डॉक्टरीणबाईंनी त्याचं ऐकून घेतलं आणि त्याच्या बायकोकडे पाहिलं. “तुम्हाला काय वाटतं?”

दोघांचं दुकान एकच. कात्री तिची, मशीन त्याचं. तीस वर्षं तिने कापलेलंच त्याने शिवलं होतं. एवढ्या वर्षांत त्याने स्वतः कात्री हातात घेतली ती एकदाच.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सावकाश सांगितलं. अंडाशयाचा कॅन्सर पोटात पसरलाय. एक रस्ता म्हणजे आधी ऑपरेशन, मग केमो. दुसरा म्हणजे आधी तीन केमो, गाठी आटल्या की ऑपरेशन, मग उरलेले केमो. “तो इतक्या ठिकाणी चिकटलाय, की आत्ता सगळा निघेल असं वाटत नाही. मी दुसरा रस्ता सुचवेन.”

“म्हणजे आधी आटवायचं, मग कापायचं,” ती म्हणाली. “अहो, बँडवाल्यांचे कोट आठवतात का?”

त्याने मान खाली घातली.

“मी चार दिवस माहेरी गेले होते,” ती डॉक्टरीणबाईंना सांगू लागली, “तर यांनी कोरं कापड न भिजवताच बारा कोट कापले. पहिल्याच धुण्यात बाह्या कोपरापर्यंत! ढोलवाल्याने हात उचलला की पोट उघडं. घाई, दुसरं काय! तुम्ही म्हणता तसंच करूया.”

तीन केमोंनी केस गेले, बोटांना मुंग्या आल्या, पण गाठी आटल्या. ऑपरेशननंतर पट्टी काढली तेव्हा तिने मान उचलून पोट निरखलं.

“टाके एकसारखे आहेत हो. तुमच्यापेक्षा बरा हात आहे.”

“मला झोपवलेलं गिऱ्हाईक द्या, मीही शिवतो असे.”

“हसवू नका! ताण पडतो.”

उरलेले केमो झाले, रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन वर्षं ती पुन्हा दुकानात कापायच्या टेबलाशी उभी राहिली. मग पोट फुगायला लागलं आणि दोघं परत त्याच दोन खुर्च्यांवर येऊन बसली.

या वेळी डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. वेगळं औषध देता येईल. कदाचित काही महिने वाढतील, पण थकवा येईल आणि बोटं अजून बधिर होतील. नाहीतर केमो थांबवायचा; पोटातलं पाणी काढायचं, दुखू द्यायचं नाही. पूर्ण बरं मात्र कशानेच होणार नाही.

‘सगळं करा’ अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळायला त्याला बराच वेळ लागला.

“तू सांग,” तो म्हणाला.

“बोटं राहू द्या,” ती म्हणाली.

बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत राहिला.

“रागावलात?”

“हो.”

“रागवा. पण घरी गेल्यावर ते राखाडी कापड भिजत घाला.”

“कोणाचं आहे?”

“तुमचं. जन्मभर लोकांचे कोट शिवलेत, स्वतःच्या अंगावर बघा जरा.”

त्याने कापड भिजवलं, वाळवलं, इस्त्री केली. तिने खुर्चीत बसून, मध्ये मध्ये डोळे मिटून, चार दिवसांत कोट कापला. खडूच्या रेघा थोड्या वाकड्या होत्या; कात्री मात्र कुठेही चुकली नव्हती. “सावकाश शिवा,” ती म्हणाली. त्याने तुकड्यांची घडी कपाटात ठेवली आणि सात आठवडे तिच्या उशाशी बसला.

ती गेल्यावर कित्येक दिवस ते कपाट त्याने उघडलं नाही. मग एका दुपारी मशीनवरचं फडकं काढलं. रोज थोडं थोडं शिवत गेला. हात दुखायचा म्हणून नव्हे. पुढे तिने कापलेलं शिवायला काही उरणार नव्हतं.

मुलगी भेटायला आली तेव्हा त्याने कोट घातला होता. ती त्याच्याभोवती फिरून आली. खांदा बरोबर बसला होता, बाही मनगटावर जिथे यायला हवी तिथेच.

“छान झालाय, बाबा. पण पाठीवर खडू राहिलाय. थांबा, झटकते.”

तो चटकन वळला. पाठ भिंतीकडे करून उभा राहिला.

“असू दे,” तो म्हणाला. “तू चहा घेणार का?”