विमानवाल्यांची वही

प्रभाकरचं नाव छापून आलं तो दिवस मला तिथीसकट आठवतो. ज्येष्ठ वद्य एकादशी. मला उपास, आणि त्यात हे.

विलायतेहून कंपनीचं चार पानी पत्रक दर तीन महिन्यांनी यायचं. आमच्या शेठकडे होतं तसलं, दोन माणसं बसतील एवढं लहान विमान ज्याच्या ज्याच्याकडे असेल त्याला ते पोचायचं. कोणत्या भागाची काय निगा राखावी, कोणता भाग बदलून मिळेल, हे सगळं त्यात असे. शेवटच्या पानावर लोकांनी कळवलेल्या युक्त्या, नावानिशी. मला इंग्रजी येत नाही. आमच्या बुरहानपुरातल्या लोधीपुऱ्यातले रमेश मास्तर वाचून मराठीत सांगायचे.

"निंबाभाऊ, हे बघा, अकोल्याच्या प्रभाकरचं नाव आलंय! धुळीच्या मुलखात हवेच्या तोंडाला दुहेरी मलमल बांधावी, म्हणतात. कंपनीनं शाबासकी दिली आहे."

मलमल माझी होती. म्हणजे युक्ती माझी होती. लीलाधर शेठच्या जिनिंगमध्ये मी वीस वर्षं मिस्त्री. कापसाचा बारीक फुफाटा यंत्राच्या नाकात कसा जातो आणि तो कसा अडवायचा हे मला कोणी शिकवायला नको. मी ते प्रभाकरला ताप्तीच्या राजघाटावर बसून, त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं. त्यानं ते इंग्रजीत लिहून धाडलं.

"अहो, घास तरी गिळा," मालू म्हणाली. माझी बायको. पुढ्यात साबुदाण्याची खिचडी तशीच निवत होती. "तुम्ही कायले जळून राह्यले? त्याचं नाव छापलं म्हणून तुमचं पुसलं का?"

"मी नाही जळत."

"मग खिचडी जळाली असंल. वास येऊन राह्यला."

प्रभाकर काही परका नव्हे. संस्थानं विलीन झाली त्या वर्षी एका राजेसाहेबांनी आपली दोन विमानं विकायला काढली. एक आमच्या शेठनं घेतलं, दुसरं अकोल्याच्या देशमुखांनी. दोन्ही एकाच वेळी बांधलेली, एकाच लाकडाची, जुळी भावंडंच. राजेसाहेबांच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे शिकायला आम्ही दोघं दीड महिना एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. तो मॅट्रिक, मी चौथी पास. म्हातारा मिस्त्री म्हणायचा, "हात निंबा के, जबान प्रभाकर की." तेव्हा मला ती तारीफ वाटली होती.

आणि एक गोष्ट होती. देशमुख प्रभाकरला मागच्या जागेवर बसवून गावोगाव नेत. आमच्या शेठनं मला कधी वर नेलं नाही. विमान पुसायचं मी, उडताना बघायचं खालून. ताप्ती वरून कशी दिसते हे प्रभाकरनं मला पत्रातून कळवलं होतं. मी ते पत्र चुलीत घातलं.

या भागात तसल्या विमानांचे सहा मालक होते. त्यांनी आपसात एक वही सुरू केली होती. जाड पुठ्ठ्याची. ती रजिस्टर टपालानं एकाकडून दुसऱ्याकडे फिरायची. प्रत्येकानं आठ दिवस ठेवायची, आधीच्यांनी लिहिलेलं वाचायचं, आपल्या विमानात जे आढळलं ते लिहायचं, सही करायची, पुढे धाडायची. कंपनी सातासमुद्रापलीकडे; तिचं उत्तर यायला महिना-दीड महिना. वही म्हणजे शेजारधर्म होता. तिच्यामुळे दोन वेळा तरी कोणाची तरी मान वाचली होती, हे मी मास्तरांकडून वाचून घेतलं होतं.

त्या साली पाऊस दसऱ्यापर्यंत हटला नाही. शेठ डोळ्यांच्या उपचारासाठी मुंबईला गेलेले, येणार कार्तिकाच्या शेवटी. शाहपुरच्या रस्त्याला शेठचं पडीक रान रोलर फिरवून सपाट केलेलं होतं, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये विमान उभं. उघाड पडल्यावर मी पंख पुसायला घेतले.

इथे एक सांगायला हवं. आमच्या राममंदिरात कीर्तन असलं की पखवाजावर मी बसतो. वडील बसत, त्यांच्यामागे मी. माझ्याजवळ देवानं दिलेलं काही असेल तर तो कान. तर पंख पुसता पुसता मी सवयीनं बोटांनी ठेका धरला. धा, धा, धा, आणि डाव्या पंखाच्या मुळाशी आवाज मेला. ओल्या कणकेच्या गोळ्यावर टिचकी मारावी तसा.

मी पातळ फळी उकलली. आत लाकडं जोडलेली असतात ती दुधाच्या चोथ्यापासून केलेल्या सरसानं. सांध्यातला सरस पांढरा भुसा झाला होता. बोटाला लागला, फुंकर मारली, उडाला. पावसाच्या ओलीनं खाल्ला होता. वरून रंग कसा चकचकीत! हे विमान चार-सहा वेळा वर गेलं असतं की पंख राहिला असता आकाशात आणि शेठ...

मी खाली बसलो. रामराम म्हटलं. आणि, लाज वाटते पण लिहितो, पुढचाच विचार असा आला: हे आता माझं आहे.

वही तेव्हा माझ्याकडेच होती. पाच दिवस झाले होते. लिहिलं असतं तर वही पुढे अकोल्याला जाणार. प्रभाकर वाचणार. त्याच दिवशी तो इंग्रजीत कंपनीला पत्र टाकणार, आणि पुढच्या पत्रकात, 'अकोल्याचे श्री. प्रभाकर म्हणतात, पंख वाजवून पाहावा.'

मी रमेश मास्तरांकडे गेलो. माझ्या नावानं कंपनीला थेट पत्र लिहून घेतलं, विमानटपालानं टाकलं.

"आणि वहीत?" मास्तरांनी विचारलं.

"वहीत लिहा, सर्व ठीक."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "निंबाभाऊ, बाकी पाच विमानं..."

"कंपनी कळवेलच की सगळ्यांना. त्यांनी सांगितलं की पक्कं. आपण उगाच घबराट कशाला करायची?"

त्यांनी लिहिलं. मी खाली मराठीत सही केली. वही अकोल्याला गेली.

कंपनीचं उत्तर येईना. मी रोज टपालवाल्याला विचारी. कार्तिक लागला. राममंदिरात कीर्तनाचा सप्ताह बसला, आणि चौथ्या दिवशी दुपारी शाहपुरच्या रस्त्याकडून घरघर ऐकू आली. मी शेडकडे धावलो. देशमुख आले होते, केळीचे कंद पाहायला, आपल्या विमानातून. मागून प्रभाकर उतरला. अंगात कडक इस्त्रीचा खाकी सदरा, हातात करंडी.

"निंबाभाऊ! वहिनींसाठी संत्री. आणि तुमच्यासाठी त्याहून गोड बातमी. साहेबांना विचारलंय मी. उद्या सकाळी ते तुम्हाला एक फेरी मारून आणणार आहेत. राजघाटावरून, किल्ल्यावरून. मी खाली राहतो, तुम्ही बसा माझ्या जागेवर."

माझ्या जागेवर. मला ते दोन शब्द बोचले, बाकी काही ऐकूच आलं नाही.

"तुमची जागा तुम्हालाच लखलाभ," मी म्हणालो.

"अरे, रागावले की काय! बघा साहेब, बुरहानपूरचा माणूस. आग्रह केल्याशिवाय हो म्हणत नाही."

देशमुख हसले आणि बैलगाडीत बसून मळ्याकडे गेले. प्रभाकर हातपाय धुवायला विहिरीवर गेला. मी त्यांच्या विमानाजवळ एकटाच उरलो. जायला नको होतं, पण गेलो. डाव्या पंखाच्या मुळाशी बोटं टेकली.

धा. धा. मग तोच मेलेला आवाज.

पुन्हा वाजवलं. उजवीकडे वाजवलं, खणखणीत. डावीकडे पुन्हा मेला. जुळी भावंडं, एकच दुखणं.

प्रभाकर पंच्यानं तोंड पुसत आला. "काय वाजवताय?"

"संध्याकाळच्या कीर्तनाचा ठेका," मी म्हणालो.

आता उद्या सकाळपर्यंत वेळ आहे, असं मी मनाला सांगितलं. सांगू सकाळी. एवढ्यात काय, अकोल्याहून इथवर आलंच ना धड? आणि सांगायचं तर काय सांगायचं? मला दसऱ्यापासून माहीत होतं, असं? मीच खाली सही केली, असं? मालूनं संत्री सोलून समोर ठेवली. मी हात लावला नाही.

"आता संत्र्यांवर पण राग?" ती म्हणाली. "माणूस चांगला आहे तो. चांगल्या माणसाचा राग येते तुम्हाले, हे दुखणं वैद्याले दाखवा."

संध्याकाळी देऊळ भरलं. प्रभाकर पहिल्या रांगेत, मांडी घालून, माझ्या अगदी समोर. बुवा जळगावकडचे, साठीचे, आवाज असा की समईची वात स्थिर व्हावी. आख्यान भरताचं. राज्य भावाचं, आपलं नव्हे, म्हणून पादुका सिंहासनावर ठेवून स्वतः खाली बसणारा भरत. बुवा पद म्हणू लागले. मी पखवाज वाजवत होतो आणि माझं लक्ष प्रभाकरकडे. त्याचे डोळे भरून आलेले. रडतो तेसुद्धा माझ्याहून चांगलं, असं माझ्या मनात आलं. देवा, देवळात बसून!

बुवा पदाच्या मध्येच थांबले. त्यांनी झांजा खाली केल्या.

"मृदंगबुवा," ते माझ्याकडे वळले, "उजवं तोंड उतरलंय. कधीपासून ऐकतोय मी. तुम्हाला ऐकू येत नाही असं तर नाही?"

लोक हसले. मला तर ऐकूच आलं नव्हतं. सायंकाळी ताप्तीवरून ओल येते, कातडं सैल पडतं. वीस वर्षांत हे मला कोणी सांगावं लागलं नव्हतं.

"घ्या ठोकून," बुवा शांतपणे म्हणाले. "आम्ही थांबतो. उतरलेल्या सुरावर रामाला उभं नाही करायचं. घाई नाही. सगळे थांबतील."

आमच्याकडे हीच रीत. वाद्य उतरलं तर कीर्तन थांबतं. वादक ते सर्वांसमोर ठोकून लावतो, आणि तोवर कोणी बोलत नाही. दोनशे माणसं गप्प बसली. मी हातोडी उचलली. पखवाजाच्या लाकडी गठ्ठ्यावर एक ठोका, कातड्यावर एक टिचकी. ठोका, टिचकी. अख्खं देऊळ माझा कान ऐकत होतं. टिचकी मेली. पुन्हा टिचकी मेली. समोर प्रभाकर, माझ्याकडे बघून मायेनं मान हलवत होता. होईल, निंबाभाऊ, सावकाश.

हातोडी माझ्या हातून खाली गेली.

"प्रभाकरभाऊ," मी म्हणालो. माझा आवाज घुमटात घुमला. "तुमचा डावा पंख असाच वाजतो."

"काय?"

"मुळाशी. सांध्यातला सरस गेलाय. उद्या विमान उडवू नका."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दुपारी वाजवून पाहिला. आमचाही तसाच होता."

"कधी?"

दोनशे माणसं. समोर राम. "दसऱ्याला."

तो हिशेब करतोय हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. वही दसऱ्यानंतर त्याच्याकडे गेली होती. आरतीच्या आधी कीर्तनातून कोणी उठत नाही. तोही उठला नाही. पण मांडी मोडून, गुडघे जवळ घेऊन, माझ्याकडे पाठ होईल असा वळून बसला.

बुवांना विमानातलं काही कळलं नसावं. एवढं मात्र कळलं असावं की काहीतरी खाली ठेवलं गेलं. ते म्हणाले, "झालं सांगून? मग आता लावा."

मी लावला. या वेळी दोन ठोक्यांत लागला.

आरती झाली. बुवांनी बुक्क्याची वाटी घेऊन एकेकाच्या कपाळी बोट टेकलं. प्रभाकरला लावलं, मला लावलं. बाहेर पायरीवर तो थांबला होता.

"तू 'सर्व ठीक' लिहिलंस," तो म्हणाला. आजवर तो मला अहो म्हणत असे. "मी ते वाचून साहेबांना सांगितलं, बुरहानपूरचं जुळं विमान धड आहे, आपलं उघडायची गरज नाही. त्या शब्दावर मी त्यांना वर बसवलं."

"हो."

"आणि उद्या तुला बसवणार होतो."

"हो."

"कशासाठी रे?"

"मलमल," मी म्हणालो.

तो बराच वेळ जोडे शोधत राहिला. जोडे समोरच होते. मग खालीच बघत म्हणाला, "मलमल तुझी होती. पत्रात तुझं नाव घालायचं माझ्या मनात होतं. मग वाटलं, पुढच्या वेळी घालू. छापून आल्यावर... खोटं कशाला बोलू, बरं वाटलं."

माझ्या आत काहीतरी उड्या मारायला लागलं, बघ, बघ, म्हणून. मी त्याला गप्प केलं. कपाळावर बुक्का ताजा होता अजून.

सकाळी आम्ही दोघांनी मिळून त्यांची फळी उकलली. देशमुख मागे हात बांधून उभे. पांढरा भुसा माझ्या बोटावर आला, मी तो प्रभाकरच्या तळव्यावर ठेवला. देशमुखांनी वाकून तो भुसा निरखला. माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. ते पाहणं मला अजून पुरतं आहे. मग आम्ही तारघरात गेलो. बाकीच्या चार मालकांना तारा केल्या, विमान उडवू नका. वही तेव्हा चौथ्या मालकाकडे होती. ती परत मागवून घेतली. माझ्या 'सर्व ठीक'खाली प्रभाकरनं इंग्रजीत सगळं लिहिलं, मी सांगत गेलो तसं. ती ओळ खोडू का, त्यानं विचारलं. मी म्हणालो, राहू दे. शेठ मुंबईहून आल्यावर त्यांना मी स्वतःच ते पान दाखवलं. त्यांनी मला ठेवलं, पण वही आली की आता त्यांच्या कपाटात असते.

देशमुख रेल्वेनं परत गेले. प्रभाकर नवा सरस येईपर्यंत आमच्याकडे राहिला. पहिले चार दिवस तो मालूशीच बोलत होता. पाचव्या दिवशी सांधा दाबून धरायला दोन हात कमी पडले, तेव्हा म्हणाला, "निंबाभाऊ, धरा."

मला आकाशात कोणी नेलं नाही. मी विचारलंही नाही.

माघात कंपनीचं पत्रक आलं. पहिल्याच पानावर, चौकटीत, जगातल्या सगळ्या मालकांना सूचना: दमट मुलखात पंखाचे सांधे वाजवून पाहावेत, आवाज बसका आल्यास विमान उडवू नये. रमेश मास्तर वाचत होते. मी खाली वाकून पानावरची नावं शोधत होतो. इंग्रजी येत नसलं तरी माझं आणि प्रभाकरचं नाव कसं दिसतं हे मी त्यांच्याकडून गिरवून घेतलं होतं. सूचनेला नुसता एक क्रमांक होता. नाव कोणाचंच नव्हतं.

"तुमचं नाही दिलं हो त्यांनी," मास्तर हळहळले.

"असू द्या," मी म्हणालो.

प्रभाकरचंही नव्हतं. खरं सांगायचं तर, मी आधी तेच पाहिलं होतं.