जहाजावरचे नवरे

मी एक जुना बाक आहे. जात सागवानी, लांबी नऊ फूट, पाय सहा. शाळेतल्या बाकांवर मुले आपली नावे कोरून ठेवतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझ्या अंगावर एकही नाव नाही. कारण माझ्यावर बसणारीला, मित्रांनो, एकच काळजी असायची: आपण इथे बसलो होतो हे कोणाला कळू नये.

मी बायकांच्या दवाखान्यात होतो.

मला घडवले एका तिरसट सुताराने. "माणसं किती बसणार?" त्याने मोठ्या डॉक्टरांना विचारले.

"आठ."

"आठच ना? मागून तक्रार नको."

"आठच हो."

सुताराला दोष देता येणार नाही. दिसणाऱ्या माणसांपुरता त्याचा अंदाज अगदी बरोबर होता.

माझ्या समोर एक जाड काच होती आणि तिच्यात हाताच्या पंजाएवढे भोक. भोक इतके खाली की वाकल्याशिवाय बोलता येऊ नये. काच इतकी जाड की ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जाऊ नये. काचेमागे बसे ती खिडकीताई. तिचे खरे नाव मला कधी कळले नाही. केस चापून बसवलेले, पेन कानावर, आणि वक्तशीर इतकी की भिंतीवरचे घड्याळ तिच्याकडे बघून चालत असावे. ती आणि मी एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. त्याच आठवड्यात खिडकीकडची माझी बाजू किंचित दबली. तिथे कोणीही बसलेले नव्हते. "नवं लाकूड आहे, बसेल," असे सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो.

खिडकीताई प्रत्येकीला तीन प्रश्न विचारी. नाव, वय, नवऱ्याचे नाव. पहिले दोन कोणालाही येत. तिसऱ्याला काही मुली नापास होत.

"लग्न नाही झालेलं."

"काय?"

"लग्न... नाही झालेलं."

"मग इथं काय काम काढलंत?"

हे सगळे वाकून आणि ओरडून. मग ती मुलगी माझ्यावर येऊन बसे आणि बाकीच्या बायका सरकत. बोलत काही नसत. सभ्य होत्या. फक्त इकडची वीतभर इकडे सरके, तिकडची वीतभर तिकडे. त्या दोन विती मला अजून पाठ आहेत. बायकांचे वजन बाक विसरतो, पण मध्ये सोडलेली जागा विसरत नाही.

"आईला घेऊन या," असे सांगून खिडकीताई कागद बाजूला ठेवी. पाळी चार महिने आली नाही, किंवा आली ती थांबेचना, यात आई येऊन काय करणार, हे माझ्यासारख्या लाकडाला कळत नसे. मुली "बरं" म्हणत आणि जात. त्यांतली एकजण दोन वर्षांनी परत आली. चालत आली नाही. तिला माझ्यावर आडवी ठेवली होती. त्या वेळी मात्र कोणी सरकले नाही. सगळ्या उठूनच उभ्या राहिल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दवाखान्यात पहिला नवरा आला.

झाले असे. औषधांचा एक बोलघेवडा एजंट खिडकीताईला विचारत होता, "ताई, मिस्टर कधी दिसत नाहीत?" तिने वर न बघता सांगितले, "आमचे जहाजावर असतात." एजंटाने बॅग उचलली. जहाजाला उलट प्रश्न नसतो. माझ्या कोपऱ्यात टेलिफोन ऑफिसातली एक चष्मेवाली मुलगी बसली होती. आदल्याच आठवड्यात ती तिसऱ्या प्रश्नाला नापास झाली होती. ती उठली, खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "आमचे जहाजावर असतात."

लगेच पास.

ती परत येऊन बसली, आणि तिच्या शेजारी आणखी कोणीतरी बसले. मी कण्हलो. वजन पुरुषी होते. थंड होते. आणि ओले होते.

ही युक्ती कानोकान पसरली. वर्षभरात आमच्या दवाखान्यातल्या इतक्या जणींचे नवरे जहाजावर गेले की किनाऱ्यावर दोर बांधायला पुरुष उरला असेल की नाही, याची मला शंका येई. समुद्र आमच्या गावापासून रेल्वेने दोन दिवस लांब. पण याचे नवल कोणी केले नाही.

खरे नवरे फाटकाशी उभे राहत. आत आलेच तर पंख्याखालची जागा धरत आणि "अजून किती वेळ?" असे बायकोलाच विचारत. जहाजावरचे नवरे त्या मानाने आदर्श. गुडघे जुळवून बसत, मासिक चाळत नसत, घाई करत नसत. त्यांच्यात खोड एकच होती. ते उठत नसत. मुलगी तपासून घरी जाई, नवरा माझ्यावरच राही. दुसऱ्या दिवशी नवा येई. जागा संपली तेव्हा एकाच्या मांडीवर दुसरा बसला.

एकदा एक आजी सुनेबरोबर आल्या. मधली जागा रिकामी दिसत होती. आजी वाकल्या आणि थांबल्या. "सरका जरा, भाऊ," त्या म्हणाल्या.

"कोणाशी बोलताय?" सुनेने विचारले.

 आजी तासभर उभ्या राहिल्या.

माझे खिळे गंजू लागले. तोच सुतार आता म्हातारा झाला होता. तो आला, त्याने एक खिळा उपटला आणि जिभेला लावला. "खारं पाणी लागलंय," तो म्हणाला. "किनाऱ्यावर ठेवला होता का बाक?"  खिडकीताईने त्या दिवसापासून माझ्याकडे बघणे सोडले. झाडूवाल्या मावशी मात्र रोज संध्याकाळी माझ्यापुढची ओल पुसत आणि छताला शिव्या देत. छत कोरडे होते.

आता त्या मुलीविषयी सांगतो, जिच्या नखांच्या खुणा माझ्या अंगावर आहेत.

ती चोविसाची, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला. बोटांना खळीचा वास यायचा. पहिल्यांदा आली ती एकटी. पोटात डावीकडे दुखतंय, म्हणाली. तिसरा प्रश्न आला. "आईला घेऊन या." तिला आई नव्हती. दोन महिन्यांनी पुन्हा आली आणि कोपऱ्यात अर्धवट टेकली. खिडकीताईने कागद वर धरून "कुमारी" अशी हाक दिली, तशी बाकावरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. मुलगी उठली आणि दारातून बाहेर गेली.

त्यानंतर दोन महिन्यांनी ती आत्याला घेऊन आली. आत्या शिवणकाम करायची, आणि तिची कात्री हातात नसली तरी तोंडात चालू असायची. पोरीला माझ्यावर बसवून ती खिडकीशी गेली.

"लग्न झालंय. नवरा जहाजावर."

"कुठलं जहाज?"

"मोठं."

खिडकीताईने लिहून घेतले. मुलीच्या शेजारी गार काहीतरी बसले. तिने ओढणी घट्ट लपेटून घेतली आणि आत्याला म्हणाली, "इथं ओल येतेय गं."

"गप बस. सासर आहे तुझं, सवय कर."

मुलगी हसली आणि हसताहसता दुमडली. तेवढ्यात त्यांच्याच इमारतीतल्या, खालच्या मजल्यावरच्या वहिनी आत आल्या आणि माझ्या दुसऱ्या टोकाला बसल्या. आत्याची कात्री मिटली.

आत नवी डॉक्टरीणबाई होती. मोठे डॉक्टर निवृत्त झाल्यावर त्यांची ही पुतणी आली, त्याला सहा महिने झाले होते. खिडकीत काय चालते ते तिला माहीत नव्हते. आत जे पोचेल तेवढेच तिला दिसे. तिने मुलीला तपासले, सोनोग्राफी केली आणि तिला घेऊन स्वतः बाहेर आली. "अंडाशयावर गाठ आहे आणि तिला पीळ पडलाय. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करायचंय. उशीर झाला तर जिवावर बेतेल. कागद करून घ्या, मी भूल देणाऱ्यांना बोलावते." आणि आत गेली.

भोकातून कागद बाहेर आला. "मिस्टरांची सही."

"ते जहाजावर," आत्या म्हणाली.

"मग दीर? सासरे?"

"नाहीत."

"सासरचं कोणीच नाही?"

"बुडाले सगळे. द्या इकडे, मी करते सही. सख्खी आत्या आहे."

"माहेरची चालत नाही. विवाहित आहे ना ती? तुम्हीच लिहून दिलंय."

 पोरीजवळ येऊन आत्या कुजबुजली, "खरं सांगू का? पण वहिनी बसल्यात बघ. उद्या सगळ्या इमारतीत होईल. कारखान्यात होईल."

मुलीने माझी कड धरली होती. तिची नखे लाकडात रुतली. पाच खुणा आहेत, पाचवी सगळ्यांत खोल. आणि तिच्या शेजारी तो बसला होता. ज्याच्या सहीसाठी सगळे अडले होते तो, गुडघे जुळवून, टपटप ठिबकत.

मुलगी उठली. खिडकीशी वाकायचे कष्ट तिला पडले नाहीत, ती वाकलेलीच होती.

"नवरा नाही."

"काय?"

"नवरा नाही. कधीच नव्हता. माझं लग्न झालेलं नाही. माझं पोट दुखतंय." काच जाड असल्यामुळे हे सगळे तिला ओरडूनच सांगावे लागले.

 आणि मित्रांनो, माझ्यावरून एक वजन उठले. ओल्या बुटांचे ठसे माझ्यापासून दारापर्यंत एकापुढे एक उमटत गेले. दार आपोआप उघडले आणि मिटले. कोणी पाहिले नाही. सगळ्या मुलीकडे बघत होत्या.

ती परत येऊन बसली. आता दोन विती, म्हणून मी तयारीत राहिलो. खालच्या मजल्यावरच्या वहिनी सरकल्या. पण तिच्याकडे सरकल्या. नऊ फुटांचे सगळे अंतर तोडून, तिला चिकटून. "पाय वर घे. टेक माझ्यावर," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत असे सरकणे मी पहिल्यांदा अनुभवले.

डॉक्टरीणबाई बाहेर आली. "पेशंट अजून इथंच?"

"सही राहिलीय," खिडकीताई म्हणाली.

"कोणाची?"

"मिस्टरांची. नियम आहे."

"पोट तिचं आहे. तिची घ्या. कोणी केला हा नियम?"

खिडकीताईचे ओठ हलले. काचेतून आवाज आला नाही. पण ते ओठ मी एकोणतीस वर्षे पाहत होतो. ती म्हणाली होती, "मीच."

दोन तासांनी डॉक्टरीणबाई हात पुसत आली. "मुलगी सुखरूप आहे," तिने आत्याला सांगितले. "एक अंडाशय काढावं लागलं. काळं पडलं होतं. चार महिन्यांपूर्वी आली असती तर दोन्ही राहिली असती."

"आली होती," काचेमागून खिडकीताई म्हणाली.

"कुठे?"

"इथे. खिडकीत. दोनदा."

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर खिडकीताई बाहेर आली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर बसली. खिडकीकडच्या टोकाला, त्या जुन्या दबलेल्या जागेशेजारी. त्याच्यासाठी वीतभर सोडून.

"मोठे डॉक्टर एकटी बाई कामाला ठेवत नव्हते," ती हलकेच म्हणाली. माझ्याशी नव्हे. "मिस्टर काय करतात, म्हणाले. मी म्हटलं, जहाजावर असतात. मग मला पुन्हा कोणी विचारू नये म्हणून मीच सगळ्यांना विचारत आले. खूप बसवून ठेवलं तुम्हाला. उठा आता."

तो उठला नाही. हलके बोललेले त्या खोलीत कधीच चालले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी एकटी आली, वाकली आणि तिला विचारण्यापूर्वीच म्हणाली, "आमचे जहाजावर असतात."

खिडकीताईने काच सरकवली. ती काच सरकते, हे मलाही तेव्हाच कळले. ती उभी राहिली आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझेही तिथेच असायचे. जहाज नाही आणि नवराही नाही. एकोणतीस वर्षं थापा मारल्या मी. तुम्ही काय होतंय ते सांगा, बाई."

खिडकीकडची माझी बाजू हलकी झाली. त्याच्यामागून दुसरा उठला, मग तिसरा. शिस्तीचे नवरे. धक्काबुक्की न करता रांगेने गेले. मावशी फडके घेऊन आल्या आणि दारापर्यंत पुसत गेल्या. "एवढं पाणी कोणी सांडलं?" त्या म्हणाल्या. मग वाळत चाललेल्या ठशावर बोट फिरवून, "आणि मीठ कशाला टाकलंय?"

खिडकीताईने नवी वही बांधून घेतली, त्याच पुस्तकबांधणीवाल्या मुलीकडून. तीनच रकाने: नाव, वय, काय होतंय.

मग मी म्हातारा झालो. दवाखान्यात नव्या खुर्च्या आल्या, प्रत्येकीला दोन हात असलेल्या. म्हणजे आता सरकायचेही कष्ट नकोत. मला मागच्या व्हरांड्यात ठेवले आहे. माझ्यावर बादल्या असतात, कधी ओले झाडू. पॉलिश करा, गंजलेले खिळे बदला, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगतो की तुमच्याशेजारी कोणी घाबरून बसली असेल, तर सरकायचेच झाल्यास तिच्याकडे सरका.

कारण बादल्या उचललेल्या असतात, माझ्यावर कोणी नसते, आणि तरीही एखाद्या दुपारी मी कण्हतो. काहीतरी गार येऊन बसते आणि खिळ्यांना समुद्राचा वास येतो. तेव्हा मला कळते, मित्रांनो, की पुढच्या खोलीत पुन्हा कोणीतरी खुर्चीतल्या खुर्चीत वीतभर सरकले आहे.