चाळीस मिनिटं पुढे

रोज सकाळी नऊपर्यंत मौन पाळायचा माझा नेम आहे. हॉस्पिटलातले संगणक माझ्याकडे; नऊच्या आत काम निघालं तर लोक चिठ्ठी ठेवतात.

त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. 'काल रक्ताचा रिपोर्ट वॉर्डात उशिरा आला. रुग्ण थोडक्यात वाचला. लॅबमधून कधी निघाला, ते नऊला सांगा.'

सकाळी लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या मावशी एकट्याच असतात. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, आणि आता हा ठपका.

हॉस्पिटलातल्या चौदाही लिनक्स मशीनवर कधी काय झालं, त्याच्या नोंदी मी नुकत्याच एका सर्व्हरवर गोळा केल्या होत्या. रिपोर्टचा नंबर टाकून लॅबचं मशीन शोधलं. पाठवला, सात पन्नास. डॉक्टरांना हवा होता सव्वासातला. बोलायची मुभा असती तर तेव्हाच डॉक्टरांना फोन करून 'उशीर लॅबकडूनच' असं सांगून टाकलं असतं.

बोलायचं नव्हतं, म्हणून तोच नंबर सगळ्या मशीनवर शोधला. वॉर्ड: मिळाला, सात अकरा. उघडला, सात अठ्ठेचाळीस.

निघायच्या आधीच पोहोचला?

मी धावत लॅबमध्ये गेले आणि मनगटावर बोट आपटून दाखवलं.

"आता पेटली का ट्यूब!" मावशींनी वही पुढे सरकवली. रोज यंत्र सुरू करताना भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून लिहिलेली एकेक ओळ: यंत्र चाळीस मिनिटं पुढे. "तीनदा सांगितलं बाई तुला. तू आपली म्हणायचीस, मशीन बंद ठेवावं लागेल, नंतर बघू."

खरंच होतं. तेरा मशीनच्या वेळा मी जुळवल्या होत्या. हेच तेवढं राहिलं होतं.

नऊ वाजता वही घेऊन डॉक्टरांसमोर उभी राहिले. "रिपोर्ट सात दहालाच निघाला होता. वॉर्डात सात अकराला पोहोचला, उघडला सात अठ्ठेचाळीसला. घड्याळाची चूक माझी. मावशींची नाही."

डॉक्टरांनी वहीतल्या ओळींवरून बोट फिरवलं. "म्हणजे आमच्याच वॉर्डात पडून होता," ते हळूच म्हणाले, आणि स्वतः उठून लॅबकडे गेले.

दुपारी यंत्र थांबवून वेळ जुळवली. मावशींचे हात धरले, तर म्हणतात कशा, "माझे कसले आभार? ज्या मौनानं तुला गप्प बसवलं त्याचे मान."

ते तर मी रोज मानते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम वही बघायला गेले. नवी ओळ होती: वेळ बरोबर.