विमानाला उतार नसतो

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजात मी बत्तीस वर्षं काढली. कंपन्यांच्या पाळ्यांची माणसं नेणाऱ्या जुन्या बस आमच्याकडे. माझं काम बॅटरी आणि स्टार्टरचं, पण लग्न ठरतानाही मी 'इंजिन मेकॅनिक' असंच सांगितलं होतं. बॅटरीवाल्याला कोण विचारतो? म्हणून लेक मनस्वी मुंबईच्या विमानतळावर इंजिनाच्या कामाला लागली, तेव्हा माझी छाती फुगली. गॅरेजात हे मी इतक्यांदा सांगितलं, की मला बघून माणसं चहाचा कप उचलून दुसरीकडे जायची.

माझ्या निरोप समारंभाला ती रजा काढून आली. सकाळी घावणे खाताना सहज म्हणाली, की तिचं इंजिन पंखाखालचं नव्हे, शेपटीतलं, छोटं. त्यावर विमान उडत नाही. जमिनीवर असताना दिवे आणि थंड हवा देतं, आणि मोठी इंजिनं चालू करायला जोराची हवा सोडतं. हातातलं घावणं मी परत ताटात ठेवलं. म्हणजे ही विमानातली बॅटरीवाली! दुपारी माइकवर नुसतं 'इंजिन' म्हण, शेपटीचं नाव काढू नकोस, म्हणून मी तिची मनधरणी केली. तिने आणखी एक घावणं वाढून घेतलं. बायको राजश्री मात्र खुदकन हसली, त्याचा मला फार राग आला.

शाल-नारळ झाल्यावर माइक मनस्वीकडे गेला आणि तिने पहिल्याच वाक्यात शेपटी काढली. मी मान खाली घातली.

"म्हंजे जनरेटरच ना गो बाय?" ड्रायव्हर धाकू मागून बोलला. सगळे हसले.

मनस्वीने त्यालाच विचारलं, की दापोलीला मुक्कामाला गाडी कुठे लावता?

"उतारावर. सकाळी स्टार्टर रुसला तर खाली सोडायची, गिअर टाकला की धरते."

"विमान तसं धरत नाही, काका. त्याला उतार नसतो. हे छोटं इंजिन म्हणजे त्याचा उतार."

गाडी ढकलली नाही असा एकही माणूस तिथे नव्हता. पहिली टाळी धाकूनेच वाजवली.

मग ती म्हणाली, "मला मोठ्या इंजिनांचा विभाग मिळत होता. हा मी मागून घेतला. पहिल्या पाळीची गाडी अडली की सगळे बाबांना हाका मारायचे, त्या मी लहानपणापासून ऐकल्यात."

मला रडू आलं, आणि लपवताही येईना. हातातल्या सन्मानचिन्हावर 'इंजिन मेकॅनिक श्री. अनिल' असं कोरलं होतं. तो मजकूर मीच लिहून दिला होता. मी माइक मागून घेतला.

"यात एक चूक आहे," मी म्हणालो. "मी बॅटरीवाला."

"ठाऊक हाय रे," धाकू म्हणाला. "बत्तीस वर्सं आमी हाका कोनाला मारतोय?"