अधांतरी टाच

आत्याच्या खोलीत एक पलंग, तीन उशा, दोन खुर्च्या आणि पाण्याचा एक जग होता. आत्याच्या उजव्या टाचेवर एक लाल डाग होता: लांबी तीन सेंटिमीटर, रुंदी दोन. मोजपट्टी मी घरून नेली होती.

"मापं कसली घेतेस? चपला शिवणार आहेस का?" आत्या म्हणाली.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला या शुश्रूषागृहात आणलं होतं. उजवा पाय अजून स्वतःहून हलत नव्हता. टाचेला मांस असं जवळजवळ नसतंच. कातडी आणि लगेच हाड. पाय तासन्‌तास गादीवर टेकून राहिला की मधल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि कातडी आतून मरू लागते. त्यात आत्याला मधुमेह. तिच्या यजमानांना, काकांनाही होता. त्यांचं टाचेवरच्या अशाच एका डागापासून सुरू झालं, मग गुडघ्याखाली पाय कापावा लागला, आणि वर्षाच्या आत काका गेले. हा डाग पुढे काय मागू शकतो, ते आम्हा दोघींना वेगळं सांगायला नको होतं.

उपाय साधा होता. उशी पोटरीखाली लांबीने घालायची, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा आणि टाच उशीच्या कडेबाहेर अधांतरी सोडायची. ड्युटीवरची सिस्टर सकाळी तशी उशी लावून द्यायची. मी प्रयोगशाळेतून सुटून संध्याकाळी पोचायचे, तेव्हा ती उशी टाचेखाली असायची. थोपटून मऊ केलेली, मधे तळव्याएवढा खळगा केलेली. खोलीत स्पिरिटचा वास यायचा.

"उशी कोण सरकवतं?" मी विचारलं.

"हे."

"हे म्हणजे? काका?"

"मग आणखी कुणाला हे म्हणते मी? पायथ्याशी बसतात. टाच हातात घेऊन चोळतात. डोळे उघडायचा धीर होत नाही बाई मला." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "यांची गेली ना, म्हणून माझी न्यायला आलेत."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी खळग्यावर हात ठेवून पाहिला. माझ्या हातापेक्षा तो लहान होता, आणि काकांचे हात तर सुपाएवढे होते.

मी डाग बोटाने दाबला. साधी लाली असेल तर दाबल्यावर पांढरी पडते आणि बोट उचललं की रंग परत येतो. हा पांढरा पडला नाही. डॉक्टर म्हणाले, "कातडी अजून शाबूत आहे, तोवर आपल्या हातात आहे. फुटली तर चालणं राहिलंच, पायाचीही खात्री नाही."

सुट्टीच्या दिवशी मी दुपारीच गेले आणि पडद्यामागे खुर्ची टाकून बसले. आत्याला डुलकी लागली होती. थोड्या वेळाने दार ढकलून एक बारीक म्हातारी आत आली. टोकाच्या खोलीत राहणाऱ्या या बाईंना सगळे मेट्रन म्हणत. उभा जन्म त्यांनी मोठ्या इस्पितळात रुग्णसेवेत काढला होता. आता स्वतःची खोली सापडत नसे. त्यांनी पोटरीखालची उशी ओढून टाचेखाली सारली, थोपटली, पदराखालून स्पिरिटची बाटली काढली, आत्याची टाच हातात घेतली आणि जोर लावून चोळायला लागल्या. त्यांच्या काळी असंच शिकवत. लाल झालेली कातडी चोळली की आतली इजा वाढते, हे पुढे कळलं.

"मेट्रन, काय करताय?"

"पाठ आणि टाचा. दर दुपारी. तू नवीन दिसतेस. ॲप्रन कुठाय तुझा?"

"आता चोळत नाहीत टाच."

"आमच्या वॉर्डातल्या चार नंबरच्या बाईचीही अशीच लाल होती," त्या मान वर न करता म्हणाल्या. "चोळली तितकी काळी पडत गेली. म्हणून मी आणखी चोळली." हात चालूच होता. "कमीच पडलं असणार माझं."

खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्या विसरल्या असत्या. किंवा नसत्या विसरल्या.

मी सिस्टरला गाठलं. ती म्हणाली, "बाटली काढून घेतली की दुसरी पैदा करतात. खोली विसरतील, पण ड्युटी विसरायच्या नाहीत."

मग ड्युटीच द्यायची असं आम्ही ठरवलं.

"मेट्रन, मोठ्या डॉक्टरांचा हुकूम आहे," मी म्हणाले. "या बाईंच्या टाचेला काही लागता कामा नये. उशी नाही, स्पिरिट नाही. टाचेखालून हात मोकळा फिरला पाहिजे."

त्या ताठ झाल्या. "तोंडी हुकूम चालत नाहीत."

मी कागदावर लिहून, खाली सही करून पलंगाच्या दांडीला चिकटवलं. त्यांनी खालची सही निरखून पाहिली. "मग आधी नाही का सांगायचं? आजकालच्या मुली!"

त्यानंतर त्या रोज दुपारी यायच्या, हुकूम पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा वाचायच्या, टाचेखालून हात फिरवायच्या आणि मान हलवून निघून जायच्या. डाग दोन सेंटिमीटरवर आला, मग एकवर.

मी आत्याला सगळं सांगितलं. "काका नव्हते गं. मेट्रन होत्या."

"मेट्रन दुपारी येते, सायंटिस्टबाई. इतकं कळतं मला. हे दिवे लागल्यावर येतात."

त्या संध्याकाळी मी दिवे लागेपर्यंत थांबले. बाहेरच्या व्हरांड्यात जेवणाची गाडी खडखडत गेली. मग खोली शांत झाली.

"आले," आत्या म्हणाली.

मी नीट पाहिलं. पायथ्याशी चादर सपाट होती. तिच्यावर टाचेची सावली पडली होती, दुसरी नव्हती.

"काय करतायत?"

"काही नाही. नुसते बघतायत. आता मागत नाहीत."

"मला डाग बघायचाय, आत्या."

तिने पायथ्याकडे नजर वळवली. लग्नकार्यात गर्दीतून वाट काढताना बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "जरा सरका. पोरीला बसू द्या."

मी बसले. टाच आणि चादर यांतलं अंतर चार सेंटिमीटर होतं. डाग अर्धा सेंटिमीटर. बोटाने दाबल्यावर तो पांढरा पडला. दोन सेकंदांत रंग परत आला.