तीन बोटांची पट्टी

"पुन्हा काय मोजताय? माझ्या घराच्या भिंती आहेत त्या. मी स्वतः बांधल्यात!" खुर्चीतून कंत्राटदार खेकसला.

काचेच्या खोलीचं माप घ्यायला आलेल्या मापवाल्याने पुन्हा मोजलं. वरचं एक माप, खालचं एक, आणि दोन्हींत तीन बोटांचा फरक. भिंतीला लेव्हल टेकवली, तर आतला बुडबुडा मधल्या खुणा सोडून खुशाल कडेला जाऊन बसला. म्हाताऱ्याच्या स्वतःच्या घराची भिंत पुढे झुकली होती! मापवाल्याला एवढा आनंद झाला, की त्याने उगाच तिसऱ्यांदा मोजलं.

या माणसाला तीस वर्षं तो मनातल्या मनात शिव्या घालत आला होता. हे सुरू झालं तेव्हा कंत्राटदार एका ऑफिसची इमारत बांधत होता आणि मापवाला काचेच्या दुकानात नवा होता. "साहेब, भिंत तिरकी आहे," असं त्याने आधीच सांगितलं होतं. "तू काच काप, भिंत मी बघतो," कंत्राटदार म्हणाला, आणि बघितली कसली डोंबलाची! काचा बसेनात तेव्हा या गृहस्थाने सगळ्या कामगारांसमोर त्याच्या हातातली टेप हिसकावून फेकली. "भिंत नाही, माप तिरपं आहे तुझं! डोळे तपासून ये." नोकरी गेली आणि 'तिरपे' हे नाव चिकटलं. पुढे मुलीला शाळेतसुद्धा 'तिरप्याची मुलगी' म्हणायचे. आणि त्याच म्हाताऱ्याने आज त्याला ओळखलंदेखील नव्हतं.

"मला सकाळचं ऊन हवंय हो," कंत्राटदाराची बायको म्हणाली. तिचे गुडघे धरले होते, बाहेर जाणं सुटलं होतं. "घराला लागून काचेची खोली. माझ्या कुंड्या राहतील आणि मला बसता येईल, एवढीच."

"खिडक्या वर ठेवू बाई, नाहीतर उन्हाळ्यात आत भट्टी होईल. उंबरा ठेवायचाच नाही, पाय अडखळायला नको." तिच्यासाठी त्याने मन लावून आखलं. छताचा उतार, कुंड्यांसाठी कट्ट्याएवढ्या उंचीचं फळकूट, वाकावं न लागणारी कडी, सगळं तिच्या मापाचं.

राहिली ती भिंतीकडची शेवटची काच. मापवाल्याच्या दुकानात त्याचीच मुलगी नकाशे काढायची; तिने ती भिंतीच्या कलाने तिरकी आखली.

"ही सरळ कर."

"बाबा, अहो सरळ ठेवली तर भिंतीपाशी खाली फट राहील. पट्टी मारावी लागेल. तिरकी कापली तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

"म्हणूनच कापायची नाही."

मुलीने त्याच्याकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. "तुम्ही पण ना, बाबा," एवढंच म्हणून तिने रेघ खोडली.

कंत्राटदाराचा जन्म नकाशे वाचण्यात गेलेला. कागद हातात घेतला आणि बोट थेट तिथेच टेकलं.

"ही पट्टी कसली? वर काहीच नाही आणि खाली तीन बोटं?"

"भिंत झुकलीय तुमची."

म्हाताऱ्याने मान वर केली, डोळे बारीक केले. "तू... तिरपे ना रे तू?"

"हो साहेब. डोळे तपासून आलोय."

"काच तिरकी काप."

"कापतो की! 'भिंत मी वाकडी बांधली', एवढं खाली लिहा आणि सही करा." मापवाल्याने पेन पुढे धरलं. या एका सहीसाठी तो तीस वर्षं थांबला होता.

कंत्राटदाराचा चेहरा लालबुंद झाला. "मार तुझी पट्टी," तो म्हणाला आणि पेनाला शिवलाही नाही.

खोली उभी राहिली. पांढरी पट्टी विटांच्या भिंतीवर खुर्चीत बसलं की नेमकी डोळ्यांसमोर येत होती. कड्यांना तेल द्यायला मापवाला गेला, तेव्हा आत चार पाहुणे बसले होते.

"ही पट्टी अशी का हो?" एकाने विचारलं.

"मापवाल्याची चूक," कंत्राटदार ऐटीत म्हणाला. "हाच तो. तीस वर्षांपूर्वीही असाच होता."

पाहुणे हसले. मापवाल्याच्या कानशिलांत रक्त चढलं. एवढा खटाटोप केला आणि खापर पुन्हा त्याच्याच डोक्यावर! आपल्याच हाताने आपण ही पट्टी ठोकली, या विचाराने त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

तिथेच बसलेली कंत्राटदाराची बायको उठून आतल्या खोलीत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. भिंतीला धरत ती परत आली तेव्हा तिच्या हातात दोरी होती आणि दोरीला भिंत सरळ आहे का ते बघायचा पितळी ओळंबा. गवंडी होता तेव्हाचा, कंत्राटदाराचा स्वतःचा.

"तिथे वर, भिंतीला लागून बांधा हो हा," ती मापवाल्याला म्हणाली.

"काय चाललंय तुझं?" कंत्राटदार म्हणाला.

"भाजी खारट झाली, मी. पोरगा नापास झाला, मी. छत गळलं तरी मीच. पन्नास वर्षं ऐकतेय. आज बघूच दे सगळ्यांना कुणाची चूक ते." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि हा इथनं काढायचा नाही. माझी खोली आहे ही."

मापवाल्याने दोरी बांधून सोडली. ओळंबा खुर्चीशेजारी हेलकावे खाऊ लागला.

आणि जन्माची सवय जाते कुठे? हलता ओळंबा दिसल्याबरोबर कंत्राटदाराचा हात आपोआप पुढे झाला. दोन बोटांनी, अगदी हलक्या हाताने, त्याने तो थांबवला. दोरी स्थिर झाली, काचेच्या चौकटीला अगदी समांतर. भिंत वर दोरीला टेकलेली आणि खाली चांगली तीन बोटं लांब. म्हातारा बघत राहिला. ओळंब्यावरची बोटं काढून घ्यायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.