रकान्यात न आलेला जिना

"बाबा, गळा सोडा, खांदे धरा! श्वास कोंडतोय माझा."

"धरले रे. पडलो तर दोघंही पडू, एकटं कोणी मागे राहायला नको!"

वडिलांना पाठुंगळी घेऊन तो जिना उतरत होता. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाबांच्या पायाला मधुमेहाची न भरणारी जखम. चिघळली तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. महिन्यापूर्वीपर्यंत नर्सबाई घरी येऊन मलमपट्टी करायच्या. त्या यायच्या दिवशी बाबा सकाळीच भांग पाडून, देवाचं नाव घेत खिडकीत बसायचे. आता सगळ्यांनी आरोग्य केंद्रावर यायचं.

ठरवलं होतं ते त्याच्याच गणितानं. आरोग्य खात्यात तो 'आकडेवाला'. कमी खर्चात जास्त जखमा कशा भरतील, हे त्यानं संगणकावर मांडून दाखवलं, तेव्हा रुग्णाच्या जाण्यायेण्याच्या रकान्यात शून्य घातलं होतं. खात्याच्या खिशातून जात नाही ते धरायचं नाही, ही तिथली रीत. देवाघरी पायरीपायरीची नोंद होत असेल, खात्यात होत नाही. केंद्र स्वस्त ठरलं. साहेबांनी पाठ थोपटली.

काल तो त्याच साहेबांपुढे उभा राहिला. "सर, तो रकाना चुकलाय. पुन्हा मांडतो."

"मांडशील रे. पण तुझे वडील त्याच रांगेत ना? लोक म्हणतील, बापासाठी आकडा फिरवला." साहेब हसले. "आणि निम्मे पेशंट येईनासे झालेत, म्हणजे खर्च आणखी उतरला. वरचे खूश आहेत. तू कशाला उकरतोस?"

दुसऱ्या मजल्यावर तो दम घ्यायला थांबला. भिंतीला पाठ टेकावी, तर पाठीवर बाप.

"दमलास ना? पुढच्या वेळी नको जायला. पाय गेला तर गेला."

"असं बोलू नका हो."

"पण कोणत्या गाढवानं काढलं रे हे केंद्राचं खूळ?"

त्यानं बाबांना पाठीवर जरा वर सरकवून घेतलं. मग बाबाच विरघळले. "जाऊ दे. त्याच्याही घरी कुणी म्हातारं माणूस असेल. देव त्याला सुखी ठेवो."

दोन्ही हात बाबांच्या गुडघ्यांखाली गुंतलेले. डोळे पुसायला एकही मोकळा नव्हता. मागून शालीचं टोक पुढे आलं.

"केवढा घाम फुटलाय तुला," म्हणत बाबांनी त्याचा चेहरा पुसला.

तो पायानं पुढची पायरी चाचपू लागला.